घर जिथे, तिथे प्रेक स्वाय

९ जून
नापास! आमच्या नदीच्या मॉडेलशी पाणी मोजायची सगळी ठाणी जुळली आणि अडलं ते प्रेक स्वायला. माझ्याच गावाला!

बोंग वुथा, म्हणजे वुथादादा, आमच्या गटाचे प्रमुख. म्हणाले, "गावाचा अभिमान आवर बाई. एक ठाणं वगळलं तर खोरं काही आटत नाही." पण पारखेत नापास झालेल्या ठिकाणाला पाण्याचा अंदाज पाठवायचा नाही, हा त्यांचाच नियम. म्हणजे आमच्या तळ्यातल्या बाकी गावांना कळणार आणि माझ्या आईला नाही.

१० जून
तरी एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. मॉडेलसाठी अख्खं खोरं आम्ही संगणकावर चौकोनांत कापलंय. तिबेटचा बर्फ, लाओसच्या डोंगरांतला पाऊस — प्रत्येक चौकोन आपली माती पाजून उरलेलं पाणी शेजारच्याच्या हवाली करतो. माती किती तहानलेली, जंगल किती अडवणारं, हे काही वर्षांच्या नोंदींवर जुळवत बसायचं. मग मॉडेलने कधीच न पाहिलेली वर्षं समोर ठेवायची. इथे पाठांतर चालत नाही!

त्या न पाहिलेल्या वर्षांत पावसाळा आला, मोठी नदी फुगली, आणि एरवी तळ्यातून निघून तिला मिळणारी आमची तोनले साप नदी उलटी वळून तळ्याकडे वाहू लागली. 'उलटी वाहा' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ती आपली आपण वळली! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. विहारात उभी राहते तशी.

१३ जून
मॉडेल म्हणतं, पावसाळ्यात प्रेक स्वायला पाणी पाच वावांपर्यंत (एक वाव म्हणजे पसरलेले दोन हात) चढतं. नोंदी म्हणतात, बाराही महिने दोन वाव. जवळजवळ सरळ रेघ. नोंदवाला रोज गावप्रमुखांच्या ओट्यावरून शिसं बांधलेली दोरी सोडतो. दोरी खोटं कशी बोलेल?

बोंग वुथा म्हणाले, "तिथली माती जरा जास्त पिणारी कर, बसेल." बसलंही असतं. पण बघून लिहिलेला पेपर तो. केलं नाही.

१४ जून
आईला फोन.
"कुठे आहेस?"
"प्रेक स्वायला. आणखी कुठे जाणार मी?"
"पण घर कुठे बांधलंय सध्या?"
"ओढ्याच्या तोंडाशी. पाणी कमी आहे ना अजून."
"मग ते प्रेक स्वाय कसं? नकाशावर तर—"
"घर जिथे, तिथे प्रेक स्वाय. एवढं शिकलीस आणि गाव विसरलीस?"

फोन ठेवला आणि हसत सुटले. मग रडू आलं. बांबूच्या तराफ्यावरच्या घरात जन्मले मी! पाणी चढलं की अख्खं गाव ओढ्याने आत सरकतं, उतरलं की बाहेर येतं. दोन वावांपेक्षा फार खोल गेलं तर बांधायच्या वाशांना तळ लागत नाही, उथळ झालं तर पिंजऱ्यातले मासे मरतात. पाणी दोनच वाव राहतं, कारण गाव दोन वाव शोधत फिरतं! आणि मी त्याला नकाशावर खिळा ठोकून बसवलं होतं.

१७ जून
उलटं केलं. मॉडेलला विचारलं, 'ओढ्याच्या वाटेवर आज दोन वाव कुठे?' सापडला तो चौकोन रंगवला. मग दुसऱ्या दिवसाचा, तिसऱ्या. ठिपका चालू लागला. ओढ्याच्या तोंडापासून बुडालेल्या जंगलात, वीज पडलेल्या झाडाशी, विहाराच्या मागे, आणि हिवाळ्यात परत. माझं सगळं लहानपण पडद्यावरून चाललं होतं.

बोंग वुथांनी ठिपका पहिल्यापासून पुन्हा चालवून पाहिला. मग म्हणाले, "सुंदर आहे. पण सुंदर म्हणजे खरं नव्हे. त्या वर्षांची उपग्रहाची चित्रं काढ."

२३ जून
काढली. ढगांच्या फटींतून पत्र्यांचे चमकते ठिपके. जिथे मॉडेल म्हणालं, तिथेच घरं! एकदाच चुकलं, तेही एका चौकोनाने. प्रेक स्वाय पास!

२ जुलै
पहिला अंदाज, आणि तोही असा. लाओसकडे पाऊस लांबलाय. नदी सतरा तारखेच्या आधी वळत नाही. गाव मात्र दर वर्षी वर्षावासाच्या, भिक्खूंच्या चातुर्मासाच्या, आधी विहाराशी जातं. यंदा तिथे जेमतेम अर्धा वाव असेल. तराफे चिखलात बसतील, बांबू मोडतील, मासे जातील.

आईला सांगितलं. "पाणी काय तुझ्या हापिसात हजेरी लावतं?" म्हणाली. "तुझी आजी विहाराशी गेली, तिची आजी गेली." मग हळूच, "गावप्रमुखांना सांगून बघते. हसतील मात्र."

७ जुलै
हसले. पण थांबलेत. "पोरीचं चुकलं तर तिच्या आईकडून वर्षभर आंबवलेल्या माशांचं प्रहोक वसूल करू," असं प्रमुख म्हणाले म्हणे.
अंदाज पुन्हा तपासला. मॉडेल चुकणं वेगळं आणि आईचं घर चुकणं वेगळं.

१० जुलै
वर्षावास सुरू. अंदाज न मानता रिवाजाप्रमाणे गेलेल्या शेजारच्या गावाची घरं विहाराजवळ चिखलात रुतली. आमची तरंगतायत! आमचे लोक बोटी घेऊन त्यांचे मासे वाचवायला गेलेत. भिक्खू छोट्या होडीतून आमच्याकडे आले. आई म्हणाली, "यंदा विहारच प्रेक स्वायला आला."

१४ जुलै
सकाळी इथे शहरातल्या पुलावर गर्दी. जलपर्णी वर, तळ्याच्या दिशेने चाललीय — नदी वळली! सतराच्या आधीच. आईला कळवलं.
"म्हणजे चुकलं ना तुझं?"
"हो."
"बरं झालं बाई. मला वाटलं, आता नदीही तुला विचारूनच वळते की काय!" हसत राहिली. मग थांबली. "घर बांधलेले वासे सैल करून ठेवलेत. कधी निघू, सांग."