अकरा भोकं, दहा तारे

प्रिय मामा,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. सगळे जेवून गेल्यावर मामीने गादीखालून तो खाकी कागद काढला आणि म्हणाली, "निख्या, हा तुमचा दोघांचा काय उद्योग होता तो घेऊन जा बाबा. मी दोनदा रद्दीत टाकायला काढला, दोनदा परत ठेवला." म्हणून लिहितोय. तुला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगताना माझं नाक कापलं जाणार आहे. हसू नकोस!

आठवतं ना? मागच्या वर्षीचा मे महिना, बदलापूर गावातली तुझी गच्ची. तुला वेस्टा बघायचा होता. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह. मी म्हटलं, "शेपटी असते का त्याला?" तू म्हणालास, "शेपटी तुला आहे. तो साधा ठिपका दिसतो, ताऱ्यासारखाच. आज सगळ्या ठिपक्यांच्या जागा टिपायच्या, तीन दिवसांनी परत टिपायच्या. जो सरकला तो आपला."

दुर्बीण तुझी, पण डोळे माझे, कारण तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी बोलायचं आणि तू टोचायचं. कॅम्प तीनच्या आपल्या कारखान्यात जीन्सच्या खिशावरची नक्षी कागदावर सुईने टोचून घेतात ना, तसंच. तू तिथला कटिंग मास्टर, इथे आकाशाचा खाका काढलास! टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळलेलं, तू कागदावर वाकलेला आणि मी ओरडतोय, "डावीकडे, अजून डावीकडे, अरे माझ्या डावीकडे!" तूळ राशीचा तेवढासा तुकडा. अकरा भोकं झाली.

त्यातली दोन अगदी शेजारी. मोबाईलमधल्या नकाशावर वेस्टाची खूण एवढी जाडी की दोन्ही ठिपके तिच्याखाली झाकले जायचे. मी म्हटलं खालचा. तू म्हणालास वरचा.

"तुला दिसत तरी आहे का?"

"नाही. पण तू एवढा भांडतोयस म्हणजे खालचा नक्कीच नाही."

आणि मग ती पैज. खालचा निघाला तर तू कॉलेजचा विषय पुन्हा काढायचा नाहीस. वरचा निघाला तर मी प्राचार्यांना माफीचा अर्ज लिहायचा आणि दुसऱ्या वर्षाचा फॉर्म परत भरायचा. वर्गात एकाने प्राचीवरून घाण कॉमेंट मारली, मी त्याला धुतला, प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी माफी मागितली आणि मी कॉलेजच सोडलं. तुला हे सगळं माहीत होतं. "पोरगी वर्गात बसून शिकतेय आणि तिच्यासाठी लढलेला हिरो इथे जीन्सचे धागे कापतोय," हे तू कारखान्यात सगळ्यांसमोर बोललास, त्याचा राग मला अजून आहे. खरं होतं म्हणून जास्तच.

तिसऱ्या दिवशी मी आलो नाही.

प्राचीचा फोन आला होता, अंबरनाथला ये म्हणून. तीन महिन्यांनी! इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिने माझ्या वह्या परत केल्या आणि विचारलं, "फॉर्म भरलास का?" बस, एवढंच. माझं डोकं फिरलं. फोन सायलेंटवर टाकून रात्रभर विठ्ठलवाडीच्या घरी पडून राहिलो. सकाळी बघतो तर तुझे नऊ मिस्ड कॉल. एकट्यानेच टोचून घ्यायचं होतंस ना मामा! पण डोळे कुठून आणणार होतास? मग दोन दिवस मी लाजेने आलो नाही, मग ढग आले, आणि पैजेच्या रात्रीपासून बाराव्या दिवशी तू गेलास. नऊ कॉल, आणि मी एकाला उत्तर दिलं नाही. हे कुणालाच सांगितलेलं नाही, मामीलाही नाही.

परवा कागद हातात आला तेव्हा एकदम डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवसांनीच कशाला बघायला हवं? तारे कुठे जातात? मे महिना आहे, तूळ रास समोर आहे. त्याच गच्चीवर चढलो. एकेक भोक, एकेक तारा. जुळला. जुळला. दहा जुळले. खालचा ठिपका आपल्या जागी बसलेला, मख्ख. आणि वरच्या भोकाच्या जागी नुसता काळोख!

मी मामीला हाक मारली, दुर्बीण दिली.

"काय बघू?"

"तिथे काहीच नाही, ते बघ."

"काहीच दिसत नाही रे."

"तेच! तेच दिसायला हवंय!"

"मामा-भाचे सारखेच येडे," म्हणाली. पण दुर्बीण बराच वेळ खाली ठेवली नाही.

म्हणजे मामा, तो आपण बघितला होता! तुला वाटलं असेल, राहून गेलं. नाही राहिलं. तो त्या रात्री तिथे होता, तुझ्या सुईखाली होता, आणि आता पुढे गेलाय म्हणूनच तर कळलं. तू जिंकलास.

प्राचीला मेसेज केला, "लघुग्रह सापडला." तिने लिहिलं, "कुठे हरवला होता?" आणि पुढे हसरा चेहरा. या चेहऱ्याचा अर्थ काय घ्यायचा? तू असतास तर म्हणाला असतास, अर्थ नंतर काढ, आधी फॉर्म काढ.

काढलाय. अर्जही लिहायला घेतलाय. "आदरणीय प्राचार्य महोदय" इथपर्यंत आलोय आणि अजून राग येतोय, दात-ओठ खाऊन लिहितोय. पण शब्द देतो मामा, सोमवारी दोन्ही कागद माझ्या हाताने नेऊन देईन, आणि तिथे कुणी काही बोललं तरी हात खिशात ठेवीन.

तुझा, पैज हरलेला भाचा,
निखिल