नववा नळ

धाकट्यास थोरल्याचे चौदा महिने साठलेले आशीर्वाद. एकदम सोडतोय, तेव्हा जरा बाजूला उभा राहून घे.

तुझा गुडघा काय म्हणतो? भावजयीचा खोकला गेला का? (भिंतीपलीकडून ऐकू येतो म्हणून विचारलं. मुद्दाम कान लावून बसत नाही.) घर, सामान, भिंती सगळं ठीक आहे ना? भिंतींचं विशेष करून कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मध्ये नऊ इंचांची भिंत, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तू बोलल्याशिवाय मी बोलणार नाही, असं जिन्यात चार माणसांदेखत म्हणून बसलोय. लिहिण्याबद्दल काही म्हणालो नव्हतो. तेव्हा हे पत्र तुझी पुतणी तुझ्या दाराखालून सरकवेल.

आता मुद्द्यावर येतो, कारण पोटात मावत नाहीये. गेल्या आठवड्यात पोरीची मुलाखत होती. पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पावर, इंजिनिअरच्या जागेसाठी! एकतीस वर्षं मी लोकांच्या मोऱ्यांत वाकून नळ जोडण्यात काढली, आणि आपली पोर पाणी जिथून सुटतं त्या टोकाला बसणार म्हणजे काय गंमत आहे का? मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. मागच्या खोलीत ती इस्त्रीचे कपडे घालून बसली, आम्ही दाराबाहेर श्वास रोखून. साडेदहाला सुरू झालं. पाण्याच्या दाबावर प्रश्न आला (माझी छाती फुगली), तिने उत्तर सुरू केलं, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी सगळं बंद. पोर तशीच आ वासलेली, समोरचे साहेब गायब. भली माणसं म्हणून त्यांनी मंगळवारी पुन्हा वेळ दिली, पण शेवटची म्हणून बजावून. पोर दोन दिवस जेवली नाही नीट. मला ते बघवेना.

कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई इतकी गोड बोलली की तेव्हाच पाल चुकचुकली. म्हणाली, तुमच्या राउटरवर एका वेळी आठच यंत्रं चालतात. नववं आलं की आठांतलं एक बाहेर. कुठलं बाहेर जाणार, ते तिलाही ठाऊक नाही. मी म्हटलं, आठाचे दहा करा. तर म्हणे, सेटिंगला कुलूप आहे आणि ते फक्त कंपनीच उघडू शकते, आणि कंपनी उघडत नाही. म्हणजे डबा आमच्या घरात, वीज आमची, धूळ तुझी वहिनी पुसते, आणि किल्ली त्यांच्याकडे! बरं, आमच्या घरची यंत्रं मोजली तर बरोबर आठ भरली, चिरंजीवांनी दाराला लावलेला तो फुकटचा कॅमेरा धरून. मग नववा कोण?

इथे तुझ्या भावाचा अनुभव कामाला आला. गळती कशी शोधायची? घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटर बघायचा. फिरत असला तर गळती आहे. शनिवारी सकाळी सगळ्यांची यंत्रं बंद करायला लावली. चिरंजीव कुरकुरले, तुझ्या वहिनीने फोन देताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दागिने उतरवून घेतोय. फक्त माझा फोन चालू ठेवला आणि राउटरच्या पानावरची यादी उघडली. एक माझा. आणि खाली आणखी एक, नाव नाही, नुसता लांबलचक आकडा. मीटर फिरत होता! मी आनंदाने स्टुलावरून पडता पडता राहिलो. मग दोन दिवस दारापाशी खुर्ची टाकून बसलो आणि कॅलेंडरच्या मागे वेळा टिपल्या. हा आकडा सकाळी पावणेदहाला जायचा आणि अकराच्या ठोक्याला परत यायचा. इतका नेमका माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. पण ते असो.

गळती सापडली तरी आठाची अडचण राहिलीच, कारण पोर नोकरीला लागली की तिला आणखी एक कॉम्प्युटर मिळणार. आंघोळ करताना सुचलं. मीटरला काय कळतंय आत किती नळ आहेत ते? त्याला एकच पाइप दिसतो! दुकानात जाऊन आपला स्वतःचा राउटर आणला, कंपनीच्या डब्यातून वायर काढून त्यात घातली. आता कंपनीला दिसतं एकच यंत्र, आणि त्याच्यामागे आम्ही आठ नळ लावू नाही तर ऐंशी. चिरंजीव म्हणाले, बाबा, असं खरंच करतात. मी म्हटलं, आम्ही मीटरच्या जन्मापासून करतोय. एक पेच उरला. कंपनीच्या डब्याची हवा (वायफायला मी हवाच म्हणतो) बंद करायलाही कुलूप, आणि घरातले फोन सवयीने जुन्याच हवेला चिकटायचे. तेव्हा तो डबा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला, वायरींपुरती खाच पाडली, गरम होऊ नये म्हणून वर चार भोकं पाडली आणि झाकण घट्ट लावलं. हवा बंद! नवा राउटर मागच्या खोलीत हवा, म्हणून सामाईक भिंतीच्या कोपऱ्यातून ड्रिलने भोक पाडून वायर नेली. तिथले पाइप मीच टाकलेत, कुठून कुठे जातात ते झोपेत विचारलंस तरी सांगेन.

मंगळवारी पोर बसली. अकरा वाजले, अकरा-दोन झाले, सव्वाअकरा झाले, साहेबांचा चेहरा जागच्या जागी. पन्नास मिनिटं एकदाही अडकलं नाही. आणि काल दुपारी फोन आला. लागली रे नोकरी! तुझी वहिनी रडली, मी पान्याने पातेलं बडवलं. तो आवाज तुझ्याकडे आला असेल, राग मानू नकोस.

तुझा,
थोरला

ता. क. नववा नळ तूच होतास. तुझ्या दाराबाहेरच्या चपला गेल्या की आकडा जायचा, आल्या की यायचा. काखेत कळसा अन् मी गावाला वळसा घालत होतो. सोमवारी तावातावाने तुझ्या वहिनीला सांगितलं, आता जाऊन जाबच विचारतो. ती भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली, "चौदा महिने त्याचा फोन या घरात येतोय-जातोय. तुम्हा माणसांनाच काय अडचण आहे?" मग आठवलं. दोन भावांना दोन लाइनी कशाला, असं मीच म्हणालो होतो, आणि पासवर्ड मीच तुझ्या फोनात घातला होता. डब्यावर झाकण लावल्यापासून तू गॅलरीत फोन वर धरून उभा असतोस ते दिसतं. मला मजा वाटायला हवी होती. नाही वाटली. नव्या राउटरचा पासवर्ड जुनाच आहे, पुढे फक्त ९ लाव. आता मोजणारं कुणी नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या बाथरूमसाठी मी एक पाइप त्या कोपऱ्यातून वळवला होता. तो ड्रिल मारल्यावर आठवला. सध्या चिंध्या कोंबल्यात, पण ओल तुझ्या बाजूला उतरणार, आणि भिंत तुझ्याच बाजूने फोडावी लागेल. माझा खांदा आता एवढा चालत नाही. तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरातला मी बसवलेला नळ ज्याने पाच मिनिटांत दुरुस्त केला, ज्याला तू मला न विचारता बोलावलंस आणि ज्याच्यावरून आपलं बोलणं बंद झालं, त्या नळवाल्याला बोलाव. मीही येतो. नुसता बघेन. मध्ये बोलणार नाही. फार नाही.