बाहेरच्या फेऱ्याचं नाव

हैदराबाद, १२ जून २०१७

प्रिय जयवंता,

राज्याची दोन राज्यं झाली, त्यात आपल्या खात्याची वाटणी होऊन तू विजयवाड्याला गेलीस, त्याला वर्ष झालं. मी अजूनही जामबागेच्या फुलबाजारातून देवासाठी फुलं घेऊन कचेरीत सर्वांआधी येतो. पण ‘काका, चाय?’ म्हणणारं कुणी नाही.

खात्याच्या याद्यांसाठी मी वीस वर्षांपूर्वी छोटी संगणक-भाषा रचली, तिचा मला केवढा अभिमान! तू रुजू झाल्यावर तीन महिन्यांत तिची अडचण नेमकी धरलीस. यादीत एखादं नाव शोधायला संगणक फेरे घाली: जिल्ह्याच्या फेऱ्यात मंडलाचा, म्हणजे तालुक्याचा फेरा, त्यात माणसांचा. हवा तो माणूस सापडला तरी प्रत्येक फेरा वेगळी खूण ठेवून थांबवावा लागे. तू सुचवलंस, बाहेरच्या फेऱ्याला नाव द्यायचं आणि आतूनच ते नाव घेऊन एकदम बाहेर पडायचं. ‘तीन दारांशी तीनदा हुज्जत कशाला काका, निघाले म्हणायचं नि निघायचं!’ दोन पानांच्या त्या प्रस्तावात एक शब्द जास्तीचा नव्हता. इतकं नेमकं मला कधीच लिहिता आलं नाही.

कोण कुठल्या राज्यात जाणार त्या वाटणीच्या यादीत फेरा थांबवणारी एक खूण ठेवायची माझ्याकडूनच राहिली. एकनाथराव शिपाई सापडूनही शोध पुढे चालू राहिला, त्यांची जुनी नोंदही उचलली गेली आणि नाव दोन्ही राज्यांत लागलं. त्यामुळे कुठलीच कचेरी रुजू करून घेईना. दोन महिने तो भला माणूस हातात आदेश घेऊन हिंडला.

त्या दिवसांत आईची आठवण झाली. मी लहान असताना गावी एकदा ती पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालत होती. शेजारच्या इंदुताईंची सून बाळंतपणात अडल्याचा निरोप आला, तशी साठाव्या फेऱ्यातच हात जोडून म्हणाली, ‘देवा, इंदुताईंकडं जाते,’ आणि गेली. तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मला मात्र अर्धा फेरा सोडणं आयुष्यभर पाप वाटत आलं.

म्हणूनच हे लिहितो आहे. तुझा प्रस्ताव साहेबांनी नाकारला असं तुला वाटलं. त्यांनी मला विचारलं होतं. प्रस्तावावरचं ‘गरज नाही’ हे अक्षर माझं होतं, आणि तू सामान बांधत होतीस तेव्हाही मी ते सांगितलं नाही. तो शेरा मी खोडलेला नाही. त्याखाली ‘चूक माझी’ लिहून सही केली आहे. तुझी सोय आता भाषेत घातली आहे, तुझ्याच नावाने. रागावली असशील तर रागाव, पण चाचणी तूच घे. तुझा होकार येईपर्यंत मी ती कुणाला वापरू देणार नाही.

तुझाच,
उमाजीकाका