स्टँडसमोरची गाभण म्हैस

शनि. ४ ऑगस्ट १९६२, पोलादपूर
शाळा सुटल्यावर शिडी लावून म्हशीची शिंगं कातरली. कडूमेंदीच्या झुडपाची आहे, पण एस.टी.तून उतरणारा आधी तिच्याकडेच बघतो. रोपापासून मी वाढवलीय, आता गाडीच्या टपापेक्षा उंच. पोट कातरायचं राहिलं, पाऊस आला.
सरपंच छत्री घेऊन हजर. पंधरा ऑगस्टला मुंबईचे पाहुणे येणार. "बाई, म्हैस कसली? लोक हसतील. घोडा करा, शोभेल तरी."
म्हटलं, घोडा मला येतो. करायचा नाही.

मंगळ. ७
ग्रा.पं.त बोलावणं. जागा पंचायतीची, झाड पंचायतीचं, म्हणे. पाणी कुणी घातलं, ते मीच विचारलं. इथली निम्मी पोरं म्हशीच्या दुधावर शाळेत येतात, घोड्यावर बसून अजून एकही आलेलं नाही, हेही सुनावलं.
ठरलं : रविवारी माणूस लावून कापायची. घरी येऊन रडले. रागानेच.

रवि. १२
सकाळपासून म्हशीपाशी उभी. कापायला आला कोंडू, वरच्या वाडीचा, जन्म म्हशी राखण्यात गेलेला. भोवती फिरला, पोटावर हात ठेवला आणि कोयता परत कमरेला.
"ही गाभण हाय. मी नाय हात लावायचा."
सरपंच : "अरे, झाड हाय ते!"
"झाड हाय, दिसतंय मला. पन गाभणीवर कोयता आमच्यात चालत नाय. दुसरा बघा."
दुसरा कुणी तयार होईना. दुपारी वाडीतल्या बायका हळदकुंकू लावून गेल्या. पोट पावसाने सुटलंय, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

गुरु. १६
काल पाहुणे आले, झेंडावंदन करून गेले. म्हशीकडे बघून हसले. चांगलं की वाईट, कोण जाणे.
सरपंच अजून धुमसतायत. "किती दिवस गाभण राहणार हो ती? व्याली की कापतो."
बरं.

शनि. १८
म्हशीच्या मागच्या पायांशी मेंदीच्या फांद्या खोचल्या. कोंडूने खड्डे खणून दिले. "रेडा की पारडी, गो बाय?" अजून ठरवलेलं नाही.
सरपंच गाडीची वाट बघत उभे होते. "आता हे काय?"
"व्याली. आता दुभती म्हैस कापायला माणूस शोधा."
गाडी आली, चढले. महाडला साहेबांकडे तक्रार करणार म्हणे. करा म्हणावं. उद्या शिडी न्यायचीय, डावं शिंग पुन्हा वाढलंय.