बाबांच्या मडक्यांची जागा

प्रिय फरहात,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू "बघू" म्हणून ठेवून देतोस, पत्राला तसं करता येत नाही. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा बाबाच जास्त कुरकुरतात. आई म्हणते, मार्सेलला भट्टीसमोर उभा राहून तू वाळला असशील. मी म्हटलं, पाव भाजणारा कधी उपाशी राहतो का?

माझं म्हणशील तर मी सध्या आपल्याच समुद्रात पाहुण्यासारखी जाते. खोल समुद्रातून गॅसची पाइपलाइन आपल्या बेटावर येणार आणि पुढे किनाऱ्यावर स्फाक्सला जाणार. तिच्यासाठी तळात चर खणतील. वाटेत कुठे काय जुनं दडलं असेल ते आधी सांगायचं, हे माझं काम. मी चुकले तर दोन हजार वर्षं टिकलेलं एका दुपारी चिरडलं जाईल.

मागच्या महिन्यात यंत्राच्या पडद्यावर, नेमका पाइपच्या रेषेत, मडक्यांचा ढीग दिसला. लांबट, दोन कानांची, रोमन काळातली मडकी. आमचे प्रमुख जल्लूलसाहेब ट्यूनिसचे. ते खुर्चीतून उठलेच. "बुडालेलं जहाज! नेजिया, तुझ्या बेटानं नाव काढलं!" पाइप उत्तरेकडून वळवायचा, हेही त्यांनी उभ्याउभ्याच ठरवून टाकलं. मी पाण्यात उतरले. पहिल्याच मडक्यातून एक ऑक्टोपस माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी न विचारता त्याच्या घरात शिरले! आणि मडक्याच्या गळ्यात निळी नायलॉनची दोरी. तिला बाबांची ती डावखुरी दुहेरी गाठ. मला इतकं हसू आलं की चष्म्यात पाणी शिरलं.

जहाजबिहाज काही नव्हतं रे. तू गेलास त्या हिवाळ्यातल्या वादळात वाहून गेलेली आपली मडक्यांची माळ होती ती. जुनं मडकं जाळ्यात आलं तर आपले लोक ते संग्रहालयात थोडंच नेऊन देतात! दोरी बांधली की पुन्हा पाण्यात, ऑक्टोपस धरायला. जल्लूलसाहेबांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे पाइप होता तिथूनच न्यायचा?" मी म्हटलं, "साहेब, ही मडकी माझ्या बाबांना कुठेतरी मिळाली ना? जहाज तिथे आहे. ते कळेपर्यंत कुठलीच रेषा धड नाही." त्यांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

बाबा अंगणात खजुराच्या झावळ्या तासत होते. कुठून आणली मडकी, विचारलं. "समुद्रातून." समुद्रात कुठून? "जिथे ओलं असतं तिथून." तुला ठाऊकच आहे, मासे मिळायची अशी जागा बाप मुलाला दाखवतो. मुलीला दाखवली तर ती जागा तिच्याबरोबर सासरी जाते म्हणे. मी म्हटलं, बाबा, मला ना नवरा ना सासर, आणि या घरात पाण्याखाली जाते ती मीच. ते तासतच राहिले. मला राग आला, मग रडूच आलं. रात्री कुसकुस वाढताना आईनं सुनावलं, "तुमची जागा तुमच्याबरोबर बुडू दे हो, पोरीचं काम कशाला बुडवता?" बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

"मला नाही मासे मारायचे" म्हणून तू बोटीत चढलास, तेव्हापासून या घरात तुझं नाव फक्त आई घेते. बाबा म्हणतात, "तो मार्सेलवाला." तेसुद्धा क्वचित.

काल सकाळी मी धक्क्यावर निघाले, तर मागून बाबांची हाक आली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "फरहातला माहीत आहे. दाखवली होती त्याला." फरहात म्हणाले! मी लगेच फोन काढला. "फोनवर नाही," ते खेकसले, "अशी जागा सांगून कळत नाही. लिहूनही कळत नाही. इथे येऊन दाखव म्हणावं." आणि वळता वळता पुटपुटले, "होडीला रंग दिलाय." अरे, ती जागा त्यांना डोळे मिटूनही सापडेल, हे मला कळतं आणि तुलाही कळत असणार. म्हणून हे पत्र. महिना संपायच्या आत ये, फरहात. मला जहाज हवंय, त्यांना तू.

धक्क्यावर उभी असलेली, तुझीच
नेजिया