झाकण पूर्ण बंद असावे

१४ जानेवारी, मंगळवार
कौन्सिलमध्ये माझा ठराव मंजूर! कचऱ्याची गाडी आता चार आठवड्यांनी एकदा. डब्याचं झाकण जरा जरी उघडं दिसलं तर डबा उचलायचा नाही, ही पुस्तीही माझीच. करदात्यांचा पैसा वाचवला. बायको मेना म्हणाली, "आणि कचऱ्याला कोण सांगणार, हळू साठ म्हणून?" दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ७
डबा बाहेर ठेवला. झाकण बोटभर वर. चालेल. ठराव कोणाचा आहे?

सकाळी ८
चाललं नाही. गाडीवरचा ग्विलिम वाकून बघत, "सॉरी हं कौन्सिलर," म्हणाला आणि लाल चिठ्ठी चिकटवून गेला. अंमलबजावणी उत्तम आहे.

१६ मार्च
गॅरेजमध्ये पिशव्या, गाडी पावसात. रविवारच्या मटणाची हाडं बोलायला लागली आहेत. एडिनबराहून मुलीचा, नेरिसचा फोन. पाच एप्रिलला मालीला घेऊन येणार. नात तीन महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही. सभांमुळे जमलं नाही. मेनाने वासाचं सांगून टाकलं. नेरिस म्हणाली, "डॅड, तो वास जाईपर्यंत बाळाला आणणार नाही हं." एक तारखेला कचऱ्याची गाडी आहेच.

२२ मार्च, शनिवार
पिशव्या घेऊन शहरातल्या कचराकेंद्रावर गेलो. फाटक बंद. शनिवारी बंद ठेवायचा ठराव कोणी मांडला, ते परत येताना आठवलं. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवूनच आलो.

२९ मार्च
टॅक्सचं बिल आलं. वाढलंय. माझ्याशिवाय आणखी वाढलं असतं. शेजारच्या मिसेस प्रॉबर्टच्या डब्यात नेहमी जागा असते, म्हणून एक पिशवी घेऊन फिरायला निघालो. तिने डब्याला कुलूप लावलंय! गावात माणुसकी राहिली नाही.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६
सोपं आहे. डब्यात उभं राहून तुडवायचं. आमच्याकडे सगळे तेच करतात.

दुपारी
सगळं बसलं. मीही. कमरेपर्यंत आत, पाय काही निघेनात. मेना हसत होती, मदत शून्य. गाडी आली. ग्विलिमने आणि त्याच्या जोडीदाराने मला ओढून काढलं. माझ्याबरोबर कचराही वर आला. पुन्हा कोंबला. झाकण बोटभर वर.

ग्विलिमने लाल चिठ्ठी काढली. नात यायची आहे रे, असं मी म्हटलं. अगदी काकुळतीला आलो होतो. तो म्हणाला, "कळतंय कौन्सिलर. पण मागे एकाचा असाच डबा उचलला, तर माझा पगार कापला. तुमच्याच सहीने."

नेरिसला कळवलं. मेमध्ये बघू म्हणाली. माली हसायला लागली आहे म्हणे. नेरिसने फोन तिच्या तोंडाशी धरला, पण तेव्हा नेमकी हसली नाही.