वूफरवरचा हात

शनिवार, नोव्हेंबर २००९
विकास नगर

स्पीकर ठरलेच नाहीत. शेजारच्या मुलींना कॉम्प्युटरवर इंग्रजी उच्चार ऐकवायचे, तर स्वच्छ आवाजाची छोटी जोडीच हवी. दुकानदार म्हणे, "दीदी, वूफर लीजिए, दीवार हिलेगी!" मी नको म्हणणार, तेवढ्यात बाबांनी दणदणणाऱ्या वूफरवर तळहात ठेवला आणि ती धडधड हाताला जाणवताच ते हसले. विमानांच्या इंजिनांपाशी नोकरी करून त्यांचे कान गेलेत. छोटी जोडी वाजली, तेव्हा ते नुसते माझा चेहरा बघून मान डोलावत होते. "तुला पटेल ते घे बेटा, घरातली पदवीधर तू." पण मला कुठे कळतंय? मुलींसाठी घेऊ की... दोन्ही तर परवडत नाहीत. निघताना "चला बाबा" म्हटलं, तरी तळहात वूफरवरच. ऐकू आलं नाही, की हात उचलवेना?